धुळीचा माग काढणारे प्रोफेसर टिंडल

गेल्या पावसाळ्यात शाळेच्या आवारातील एक जुने झाड उन्मळून पडले. ते कापण्यासाठी दोन मजूर पेट्रोलवर चालणारी साखळीची करवत घेऊन आले. प्रथम यंत्राने मोठा गडगडाट करून खोडाचे तुकडे पाडण्यास आरंभ केला. परंतु थोड्याच वेळात त्याचा आवाज जड झाला, धूर येऊ लागला आणि शेवटी ते बंद पडले. मजुराने न गडबडता वरचे झाकण उघडले, आतील एअर फिल्टर काढून हातावर आपटला, तेव्हा गव्हाच्या पिठासारखा भुसा खाली पडला. भोवती नववीच्या मुलांची गर्दी होतीच. त्यांतील एकाने आम्हांस विचारले, की ज्या वाटेने हवा सुखाने आत जाते, त्याच वाटेत भुसा कसा अडतो, आणि ही युक्ती कोणास सुचली? त्या वेळी आम्ही दिलेले उत्तर अपुरे होते. ते पुरे करण्याचा येथे प्रयत्न करीत आहोत.

इंजिनालाही श्वास घ्यावा लागतो, हे प्रथम ध्यानात घेतले पाहिजे. मोटारीचे इंजिन रस्त्यावरील हवा घेते. परंतु ही करवत स्वतःच उडविलेल्या भुशाच्या ढगात उभी राहून श्वास घेते. तिच्या इंजिनात हवा पेट्रोल व तेल ह्यांच्याशी मिसळून बहुधा प्रथम खालच्या कोठीत, म्हणजे क्रँककेसमध्ये, शिरते आणि मग सिलिंडरात जाते. त्या हवेबरोबर भुशाचे पीठ आणि झाडाच्या सालीत अडकलेली बारीक वाळू आत गेली, तर ती तेलात मिसळून कानशीचे काम करते. बेअरिंगे, पिस्टन आणि त्याच्या रिंगा झिजू लागतात. बरे, फिल्टर लावला आणि तो तुंबला, तर हवा कमी पडते, पेट्रोलाचे प्रमाण वाढते आणि यंत्राची शक्ती गळते. म्हणजे हवा पुष्कळ यावी, पण धूळ मुळीच येऊ नये, असा हा पेच आहे. हा पेच प्रथम यंत्रासाठी नव्हे, तर माणसाच्या फुफ्फुसासाठी ज्यांनी सोडविण्याचा यत्न केला, त्यांत जॉन टिंडल ह्यांचे नाव अग्रभागी येते.

टिंडल ह्यांचा जन्म 2 ऑगस्ट 1820 रोजी आयर्लंडातील कार्लो परगण्यात झाला. वडील पोलिसात होते. घरची स्थिती बेताची. वडील कट्टर प्रॉटेस्टंट, परंतु गावाजवळील कॉनविल नावाचे कॅथलिक शिक्षक गणित उत्तम शिकवीत, म्हणून त्यांनी मुलास त्यांच्याच शाळेत पाठविले. त्या काळच्या आयर्लंडात ही गोष्ट लहान नव्हती. पित्याचे हे शहाणपण आम्हांस फार आवडते. तेथे मिळालेल्या गणिताच्या व जमीनमोजणीच्या ज्ञानावर टिंडल 1839 मध्ये सरकारी मोजणीखात्यात लागले. 1842 मध्ये त्यांची बदली इंग्लंडात झाली. तेथे आयरिश नोकरांस मिळणारे अपुरे वेतन आणि वागणूक ह्यांविरुद्ध त्यांनी तक्रार केली, तेव्हा 1843 मध्ये त्यांस कामावरून काढून टाकण्यात आले. पुढे काही वर्षे त्यांनी नव्या रेल्वेमार्गांची मोजणी केली. त्या धंद्यात पैसा होता, पण मन रमेना. 1847 मध्ये हॅम्पशायरातील क्वीनवुड कॉलेजात ते शिक्षक झाले, आणि वर्षभरातच शिल्लक टाकलेला पैसा घेऊन, अठ्ठावीस वर्षांच्या वयात, जर्मनीतील मारबुर्ग विद्यापीठात विद्यार्थी म्हणून जाऊन बसले. तेथे बुन्सेन ह्या प्रसिद्ध रसायनशास्त्रज्ञाजवळ त्यांनी अध्ययन केले. भाषा परकी, पैसा थोडा, परंतु 1850 मध्ये डॉक्टर ही पदवी त्यांनी मिळविली.

पदवी मिळाली म्हणून नोकरी मिळाली असे मात्र नाही. कॅनडातील टोरांटो येथील जागेसाठी त्यांनी आणि त्यांचे मित्र हक्सले ह्यांनी अर्ज केले. दोघांचेही नामंजूर झाले. शेवटी 1853 मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये ते पदार्थविज्ञानाचे प्रोफेसर झाले. तेथे फॅरेडे ह्यांचा सहवास लाभला. फॅरेडे अत्यंत श्रद्धाळू ख्रिस्ती, टिंडल ह्यांस धर्ममते पटत नसत. तरी दोघांमधील स्नेह अखेरपर्यंत ढळला नाही. 1859 पासून टिंडल ह्यांनी निरनिराळे वायू उष्णता किती शोषून घेतात ह्याची मापे घेतली, आणि पाण्याची वाफ व कार्बन डायऑक्साइड पृथ्वीची ऊब राखून ठेवतात हे दाखविले. (युनिस फूट ह्या अमेरिकन बाईंनी 1856 मध्येच ह्या दिशेने एक साधा प्रयोग केला होता, हेही न्यायाने सांगितले पाहिजे.) सुट्टीत ते आल्प्स पर्वतावर हिमनद्यांचा अभ्यास करीत. 1861 मध्ये वाइसहॉर्न हे 4,506 मीटर उंचीचे शिखर प्रथम त्यांनीच आपल्या वाटाड्यांसह गाठले.

धुळीकडे त्यांचे लक्ष गेले ते एका अडचणीमुळे. 1868 च्या सुमारास ते काचेच्या नळीत वायू भरून त्यांवर विजेच्या दिव्याच्या झोताचा परिणाम पाहात होते. त्यासाठी नळीतील हवा अगदी निर्मळ हवी होती. त्यांनी ती हवा तीव्र गंधकाम्लातून आणि दाहक पोटॅशातून नेली. तरी अंधाऱ्या खोलीत झोत सोडताच आत असंख्य कण चमकताना दिसत. आपल्या घरात कवडशात नाचणारी धूळ कोणी पाहिली नाही? पण टिंडल ह्यांनी ती शत्रूप्रमाणे पाहिली. एके दिवशी हवेच्या वाटेत त्यांनी स्पिरिटच्या दिव्याची ज्योत ठेवली आणि कण नाहीसे झाले. जे जळून जाते ते माती-दगड नव्हे. म्हणजे त्या धुळीचा मोठा भाग प्राणी व वनस्पती ह्यांपासून आलेला आहे, असे अनुमान त्यांनी काढले. दुसरा उपाय कापसाचा. हवा कापसाच्या बोळ्यातून गाळली, की झोत त्या हवेत दिसेनासाच होई. जणू तेथे काळोखाची नळी ओतली आहे. कापसातून हवा गाळण्याची रीत श्रोडर आणि डुश ह्या जर्मन संशोधकांनी 1854 मध्येच वापरली होती. परंतु ती किती काम करते हे डोळ्यांस दाखविणारा दिवा टिंडल ह्यांचा.

त्यांचा आणखी एक प्रयोग आम्हांस सर्वांत सुंदर वाटतो. त्यांनी नळीतून आपला उच्छ्वास झोतावर सोडला. आरंभी बाहेर आलेल्या हवेत धूळ चमकली. पण श्वास संपत आला तेव्हा झोताच्या मध्यभागी काळा खंड पडला. फुफ्फुसाच्या तळापासून आलेली ती हवा धुळीवाचून होती. तर मग आत गेलेली धूळ कोठे राहिली? वाटेतच चिकटून, आमच्याच शरीरात! मग त्यांनी कापसातून श्वास आत घेतला, तेव्हा उच्छ्वास आरंभापासूनच काळा निघाला. जानेवारी 1870 मध्ये रॉयल इन्स्टिट्यूशनमधील व्याख्यानात त्यांनी हे सर्व लोकांपुढे मांडले, आणि रोगाचे जंतू ह्याच धुळीबरोबर हिंडत असावेत असे सुचविले. एका पदार्थविज्ञानवाल्याने आपल्या शास्त्रात ढवळाढवळ करावी हे कित्येक डॉक्टरांस रुचले नाही.

ह्यातूनच आगीच्या बंबावरील लोकांसाठी श्वसनयंत्र तयार करण्याची कल्पना निघाली. त्या लोकांचे मरण पुष्कळदा ज्वाळेने नव्हे, धुराने ओढवे. कोरडा कापूस धुराचा काही भाग अडवी, परंतु अतिशय बारीक कण निसटून जात. म्हणून टिंडल ह्यांनी कापूस ग्लिसरीनने ओलसर केला. आता कण तंतूस लागताच चिकटू लागले. तरीही डोळ्यांत व घशात झोंबणाऱ्या वाफा कापसातून येतच राहिल्या, कारण वाफ म्हणजे धूळ नव्हे. त्यांवर डॉक्टर स्टेनहाउस ह्यांनी पूर्वी सुचविलेला कोळसा उपयोगी पडला. कापसाच्या थरांमध्ये कोळशाचा थर आणि शिवाय चुना अशी रचना झाली. रॉयल इन्स्टिट्यूशनमधील एका कोंडलेल्या खोलीत राळयुक्त पाइन लाकूड जाळून त्याच्या दाट धुरात टिंडल स्वतः बसले. जेथे साधा माणूस क्षणभर टिकला नसता, तेथे ते अर्धा तास व त्याहूनही अधिक वेळ राहू शकले. लंडनच्या अग्निशामक दलाचे कॅप्टन शॉ ह्यांनीही त्याची परीक्षा घेतली. आपल्या युक्तीवर प्रथम आपलाच जीव ठेवावा, ही गोष्ट विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवण्याजोगी आहे.

आता करवतीकडे वळू. पेट्रोलची साखळी-करवत टिंडल ह्यांच्या मृत्यूनंतर तीसहून अधिक वर्षांनी निघाली. तेव्हा तिच्या फिल्टरचा शोध त्यांनी लावला असे आमचे म्हणणे नाही. परंतु तो मुलगा समजला होता त्याप्रमाणे फिल्टर ही केवळ चाळण नव्हे. चाळणीची भोके कणाहून बारीक केली, तर ती लवकर बुजतात आणि हवाही कोंडते. तंतूंचे काम निराळे आहे. हवा तंतूंच्या जंगलातून वळणे घेत जाते; जड कणांस वळता येत नाही, ते तंतूवर आदळतात; अगदी सूक्ष्म कण हवेच्या अणुरेणूंच्या धक्क्यांनी भरकटत तंतूस जाऊन भिडतात. मधल्या आकाराचे कण, म्हणजे मिलिमीटरच्या सुमारे तीन दशसहस्रांशाइतके, सर्वांत अवघड. करवतीत कोठे तेल लावलेला फोम असतो, त्यात ग्लिसरीनचीच युक्ती आहे. कोठे जाळीवर बारीक तंतूंची लव बसविलेली असते. कोठे घड्यांचा कागद. शिवाय काही करवतींत थंड करणाऱ्या पंख्याच्या फिरण्याने जड भुसा आधीच बाहेर फेकला जातो आणि त्यातल्या त्यात स्वच्छ हवा फिल्टरकडे वळविली जाते. अशा यंत्रात फिल्टर पुष्कळ वेळ टिकतो. तरी तो वरचेवर झाडला पाहिजे, आणि फिल्टर काढून यंत्र चालविणे तर कधीही योग्य नव्हे. करवत चालविणाऱ्या मजुराच्या नाकावर मात्र त्या दिवशी साधा रुमालही नव्हता, हे आम्ही खेदाने पाहिले. लाकडाची धूळ माणसास कर्करोग करू शकते, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेने 1995 मध्ये जाहीर केले आहे.

टिंडल ह्यांचे सर्वच प्रयोग सरळ गेले नाहीत. आतून ग्लिसरीन लावलेल्या पेटीत धूळ खाली बसू देऊन त्यांनी मांस-भाज्यांचे उकळलेले काढे ठेवले. ते महिनोन्महिने नासले नाहीत. निर्जीवापासून जंतू आपोआप उपजतात असे म्हणणाऱ्या डॉक्टर बॅस्टियन ह्यांस हे उत्तर पुरेसे वाटावयास हरकत नव्हती. परंतु 1876 च्या अखेरीस तेच काढे त्याच रीतीने उकळूनही नासू लागले! प्रतिपक्षाच्या हाती जणू कोलीतच मिळाले. टिंडल ह्यांनी ही फजिती लपविली नाही. शोध करता करता दोष प्रयोगशाळेत आणलेल्या जुन्या, वाळलेल्या गवताकडे आला. त्यावरील बीजाणू कित्येक तास उकळूनही मरत नव्हते आणि तेथील सगळ्या हवेत पसरले होते. 1877 मध्ये त्यांनी आपले प्रयोग क्यू येथील बागेच्या प्रयोगशाळेत नेले. पुढे त्यांस असे आढळले, की काढा थोडा वेळ तापवावा, बीजाणू रुजण्यास अवधी द्यावा, आणि कोवळे जंतू बाहेर येताच पुन्हा तापवावा. असे काही वेळा केले, म्हणजे दीर्घ उकळीने जे साधत नाही ते साधते. ह्या रीतीस अद्यापि त्यांचेच नाव आहे. 1881 मध्ये हवेतील तरंगत्या द्रव्यावरील त्यांचे निबंध ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले.

1874 मध्ये बेलफास्ट येथे ब्रिटिश असोसिएशनच्या अध्यक्षपदावरून त्यांनी सृष्टीच्या उत्पत्तीचा विचार सर्वस्वी विज्ञानाच्या अधिकारातील आहे असे सांगितले, तेव्हा कॅथलिक व प्रेसबिटेरियन अशा दोन्ही धर्मगुरूंनी त्यांचा निषेध केला. आम्हांसही त्यांचे ते मत मान्य नाही. परंतु मनात एक आणि मुखी एक असे त्यांनी केले नाही, हे कबूल केले पाहिजे. त्याआधी, 1872-73 मध्ये, अमेरिकेत दिलेल्या व्याख्यानांची सर्व शिल्लक त्यांनी तेथील गरजू विज्ञानविद्यार्थ्यांसाठी ठेवून दिली होती.

1876 मध्ये, छप्पन्नाव्या वर्षाच्या सुमारास, त्यांनी लुइझा हॅमिल्टन ह्यांच्याशी विवाह केला. उतारवयात त्यांस निद्रानाशाने फार छळले. झोपेसाठी ते क्लोरल घेत आणि पोटासाठी मॅग्नेशिया. 4 डिसेंबर 1893 रोजी सकाळी हिंडहेड येथील घरी लुइझाबाईंनी मॅग्नेशियाच्या ऐवजी चुकून क्लोरलचा मोठा घोट त्यांच्या हाती दिला. चूक दोघांच्याही तत्काळ ध्यानात आली, डॉक्टर आले, पुष्कळ उपाय झाले. परंतु त्याच दिवशी त्यांचा अंत झाला. लुइझाबाई पुढे 47 वर्षे जगल्या. पतीचे चरित्र आपणच लिहावे म्हणून त्यांनी पत्रे, रोजनिशा व टिपणे जमवून ठेवली होती. पण ते त्यांच्या हातून पुरे झाले नाही. त्या 1940 मध्ये वारल्या, आणि त्या कागदांवरून इतरांनी लिहिलेले चरित्र 1945 मध्ये बाहेर आले.