जुन्या पॅरिसचे जतन करणारा छायाचित्रकार

आधुनिक छायाचित्रकलेच्या आद्य प्रवर्तकांत आज ज्यांची गणना होते, त्या युजेन अत्जे यांनी स्वतःला कलावंत म्हणवून घेण्याचा आग्रह कधीच धरला नाही. आपण केवळ दस्तऐवज तयार करतो, असे ते मानत. फ्रान्समधील लिबूर्न येथे १२ फेब्रुवारी १८५७ रोजी त्यांचा जन्म झाला. आईवडिलांचे छत्र बालपणीच हरपले. पुढे फिरत्या नाटक मंडळ्यांत दुय्यम भूमिका करण्यात उमेदीची वर्षे गेली. रंगभूमीवर जम न बसल्याने १८९० च्या सुमारास चित्रकारांना संदर्भासाठी छायाचित्रे पुरवण्याचा व्यवसाय त्यांनी पत्करला.

शहराच्या पुनर्रचनेत जुने पॅरिस झपाट्याने नाहीसे होत होते. उरलेल्या गल्ल्या, वाड्यांची दारे, जिने, दुकानांच्या काचा, फेरीवाले असे सारे अत्जे टिपत राहिले. लाकडी कॅमेरा, तिपाई आणि जड काचपट्ट्यांचे ओझे घेऊन ते पहाटेच बाहेर पडत. त्यामुळे त्यांच्या छायाचित्रांतील रस्ते बहुधा निर्मनुष्य दिसतात. हे काम त्यांनी तीन दशकांहून अधिक काळ केले. १९२० मध्ये सुमारे २,६०० काचपट्ट्या त्यांनी फ्रेंच सरकारला १० हजार फ्रँकला विकल्या.

त्यांच्याच रस्त्यावर मॅन रे या प्रसिद्ध छायाचित्रकाराचा स्टुडिओ होता. तेथे डार्करूममध्ये मदतनीस म्हणून राहून छायाचित्रण शिकणाऱ्या बेरेनिस अ‍ॅबट या अमेरिकन तरुणीने १९२५ मध्ये अत्जे यांची छायाचित्रे पाहिली आणि ती भारावून गेली. १९२७ मध्ये तिने या वृद्ध कलावंताची छायाचित्रे काढली. मात्र प्रती घेऊन ती त्यांच्या घरी पोहोचली, तेव्हा अत्जे हयात नव्हते. ४ ऑगस्ट १९२७ रोजी त्यांचे निधन झाले होते.

मागे राहिलेल्या काचपट्ट्या व हजारो छायाचित्रांचे काय होणार, हा प्रश्न तिला स्वस्थ बसू देईना. अत्जे यांचे मित्र आंद्रे काल्मेत यांच्याकडून तिने हा संग्रह विकत घेतला आणि १९२९ मध्ये न्यूयॉर्कला नेला. तेथेही जुन्या इमारती पाडून गगनचुंबी मनोरे उभे राहत होते. अत्जे यांनी पॅरिससाठी जे केले, तेच तिने न्यूयॉर्कसाठी केले. तिचे ‘चेंजिंग न्यूयॉर्क’ हे पुस्तक १९३९ मध्ये प्रसिद्ध झाले. चार दशके सांभाळलेला अत्जे यांचा संग्रह १९६८ मध्ये न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने घेतला.

अत्जे यांनी शिष्य घडवले नाहीत. तरीही एका शिकाऊ मुलीने त्यांचे काम पाहून त्यांना गुरुस्थानी मानले, म्हणूनच त्यांच्या आयुष्यभराच्या परिश्रमांचा हा मोठा ठेवा जगाला लाभला.