प्रवाशाची पायपीट मोजणारा वास्तुशिल्पज्ञ

एखाद्या महानगराने नवा आंतरराष्ट्रीय विमानतळ उभारावयाचे ठरविले की चर्चेचा ओघ नेहमीच्या ठरावीक वाटांनी वाहू लागतो. खर्च किती कोटी, धावपट्टी किती लांब, इमारतीचा आकार कमळासारखा की पंखासारखा, यांवर लेखण्या झिजतात. परंतु त्या इमारतीतून सामान घेऊन चालणाऱ्या माणसाचे काय होते, पुढच्या पिढीचा भार ती कसा पेलणार आणि जिच्यावर ती उभी राहिली ती जमीन काल कोणाची होती, हे तीन प्रश्न मागे पडतात. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी नवी मुंबईच्या विमानतळाचे उद्घाटन झाले आणि त्याच वर्षी २५ डिसेंबरपासून तेथून विमाने उडू लागली. अशा वेळी या तीन प्रश्नांच्या कसोटीवर घासून पाहावे असे एक चरित्र आठवते. ते आहे वॉशिंग्टनच्या डलेस विमानतळाचे वास्तुशिल्पज्ञ एरो सारिनेन यांचे.

सारिनेन यांचा जन्म २० ऑगस्ट १९१० रोजी फिनलंडमध्ये झाला. वडील एलिएल सारिनेन हे त्या देशाचे अग्रगण्य वास्तुशिल्पज्ञ होते. योगायोग असा की त्यांचाही जन्मदिवस हाच. हेलसिंकीचे भव्य रेल्वे स्थानक ही एलिएल यांची निर्मिती. रेल्वेच्या युगाचे प्रवेशद्वार बापाने बांधले आणि जेट विमानाच्या युगाचे मुलाने, असे म्हटले तर वावगे ठरू नये. आई लोया शिल्पकार होती. ज्या घरात रेखाटनफलक हाच घराचा मध्यबिंदू, त्या घरात एरोचे बालपण गेले. १९२२ साली शिकागोतील एका वृत्तपत्राच्या इमारतीसाठी झालेल्या स्पर्धेत एलिएल यांच्या आराखड्यास दुसरे पारितोषिक मिळाले आणि पुढच्याच वर्षी हे कुटुंब अमेरिकेत स्थायिक झाले. मिशिगन राज्यातील क्रॅनब्रुक येथे एलिएल यांनी एका कलासंस्थेची उभारणी केली. तेथेच एरो वाढला.

मुलाचा ओढा प्रथम आईच्या कलेकडे होता. १९२९ साली तो पॅरिसला शिल्पकला शिकावयास गेला. पुढे त्याने वास्तुकलेचा मार्ग धरला आणि १९३४ साली येल विद्यापीठाची पदवी घेतली. परंतु आधी मातीला हात लावल्याची खूण त्याच्या कामावर कायम राहिली. कागदावरच्या रेघेवर विश्वास न ठेवता मोठमोठ्या प्रतिकृती बनवून, त्यांत डोके घालून आतून कसे दिसते हे पाहण्याची सवय त्याने अखेरपर्यंत सोडली नाही.

थोर पित्याच्या सावलीत वाढणाऱ्या मुलांच्या नशिबी जे येते तेही त्याला चुकले नाही. सेंट लुईस शहरातील स्मारकासाठी १९४७-४८ मध्ये झालेल्या स्पर्धेत पितापुत्रांनी वेगवेगळे आराखडे पाठविले होते. निवड झाल्याची तार आली ती बापाच्या नावाने, आणि घरात आनंदोत्सव झाला तोही बापाचाच. चूक उघडकीस आल्यावर कळले की मान मुलाचा होता. ६३० फूट उंचीची ती कमान १९६५ साली पूर्ण झाली. ती पाहावयास मात्र दोघांपैकी कोणीच उरले नव्हते.

क्रॅनब्रुकमध्येच त्यांची मैत्री चार्ल्स ईम्स यांच्याशी जडली. हे नाव आपल्याला सर्वस्वी परके नाही. चार्ल्स आणि रे ईम्स या दांपत्याने भारत सरकारच्या निमंत्रणावरून देशाचा दौरा करून १९५८ साली एक अहवाल सादर केला. त्यातून पुढे अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली. आपल्या घरोघरच्या साध्या लोट्याचा आकार कशाकशाचा विचार करून घडला असेल, याचे मनन त्या अहवालात आहे. वस्तू कशी दिसते याच्या आधी ती वापरणाऱ्याच्या हाताला काय हवे आहे ते विचारा, ही त्यामागची दृष्टी. विमानतळाकडे पाहण्याची सारिनेन यांची दृष्टी नेमकी हीच होती.

१९५० साली वडिलांचे निधन झाले आणि चाळिशीच्या उंबरठ्यावर सारिनेन स्वतंत्र झाले. पुढील अकरा वर्षांत त्यांनी जे काम केले ते थक्क करणारे आहे. जनरल मोटर्सचे तांत्रिक केंद्र, एका खांबावर उभी राहणारी खुर्ची, पंख पसरलेल्या पक्ष्यासारखे न्यू यॉर्कचे टीडब्ल्यूए विमानस्थानक या त्यांच्या कृती परस्परांशी मुळीच मिळत्याजुळत्या नाहीत. या गृहस्थाला स्वतःची शैलीच नाही, असा आक्षेप समकालीन टीकाकार घेत असत. वस्तुतः प्रत्येक कामाचा प्रश्न वेगळा, म्हणून उत्तरही वेगळे, अशी त्यांची धारणा होती.

१९५८ साली त्यांच्यापुढे वॉशिंग्टनचा प्रश्न आला. पोटोमॅक नदीकाठी १९४१ साली सुरू झालेला राजधानीचा विमानतळ अपुरा पडू लागला होता. दुसऱ्या विमानतळाचा कायदा १९५० सालीच झाला होता, पण बर्क येथील जागेस स्थानिक रहिवाशांनी कडवा विरोध केल्याने काम अडले. अखेर राष्ट्राध्यक्ष आयसेनहॉवर यांनी व्हर्जिनियातील शँटिली येथील सुमारे दहा हजार एकरांची जागा मुक्रर केली. त्याच वर्षी बोइंग ७०७ विमान प्रवासी सेवेत आले. आरंभापासून केवळ जेट विमानांसाठी आखलेला विमानतळ तोवर कोठेच नव्हता. साहजिकच नक्कल करावी असा नमुनाही उपलब्ध नव्हता.

अशा वेळी सामान्य वास्तुशिल्पज्ञ दर्शनी भागाचे चित्र काढावयास बसला असता. सारिनेन यांनी आपली माणसे घड्याळे देऊन निरनिराळ्या विमानतळांवर पाठविली. प्रवासी तिकिटाच्या खिडकीपाशी किती वेळ थांबतो, तेथून विमानापर्यंत किती चालतो, सामान कोठे अडते, याची मोजदाद झाली. निष्कर्ष स्पष्ट होता. विमाने मोठी होत होती, त्यांना उभे राहण्यास जागा अधिक लागत होती, आणि म्हणून इमारतीला फुटणारे लांबलचक फाटे वाढत चालले होते. विमानांच्या सोयीची किंमत प्रवासी आपल्या पायांनी मोजत होता. दुसरीकडे ही अवजड जेट विमाने इमारतीपर्यंत आणण्यात वेळ आणि इंधन यांचा अपव्यय होत होता तो वेगळाच.

यावर त्यांनी शोधलेला तोडगा धाडसी होता. प्रवाशाने विमानाकडे चालत जाण्याऐवजी प्रतीक्षालयच चाकांवर बसवून विमानाकडे न्यावे! सुमारे शंभर माणसे सामावणारी ही फिरती दालने इमारतीच्या दाराशी लागत आणि प्रवाशांना घेऊन थेट दूर उभ्या असलेल्या विमानाकडे जात. अधिकाऱ्यांना आणि विमान कंपन्यांना ही कल्पना पटविण्यासाठी ईम्स यांनी एक छोटा चित्रपटच तयार केला. फाटे गळून पडल्यामुळे इमारत आटोपशीर झाली. बाहेरच्या अंगाला झुकलेल्या काँक्रीटच्या खांबांच्या दोन रांगा, एक ६५ फूट उंच आणि दुसरी ४० फूट, आणि त्यांच्यामध्ये पोलादी दोरांवर झोळीसारखे टांगलेले छप्पर. आत एकही खांब आडवा येत नाही. आपल्या सर्व कामांत हेच काम सर्वोत्तम, असे त्यांना वाटत असे.

ते पूर्ण झालेले पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते. मेंदूतील गाठीवरील शस्त्रक्रियेनंतर १ सप्टेंबर १९६१ रोजी, वयाच्या अवघ्या एक्कावन्नाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. केव्हिन रोश आणि जॉन डिंकेलू या सहकाऱ्यांनी उरलेली कामे निष्ठेने तडीस नेली. १७ नोव्हेंबर १९६२ रोजी राष्ट्राध्यक्ष केनेडी यांच्या हस्ते विमानतळाचे उद्घाटन झाले. दिवंगत परराष्ट्रमंत्री जॉन फॉस्टर डलेस यांचे नाव त्याला देण्यात आले.

आता कसोटी. पहिली अनेक वर्षे हा विमानतळ बराचसा ओसच राहिला. शहरापासून इतक्या लांब हा पांढरा हत्ती कशाला पोसावयाचा, असे लोक विचारू लागले. पुढे रहदारी वाढली, पण एका विमानातून उतरून दुसरे गाठण्याची प्रथा रूढ झाली आणि फिरत्या दालनांची कल्पना तोकडी पडली. मैदानाच्या मध्यभागी नवी दालने बांधावी लागली. २०१० साली भुयारी रेल्वे आली आणि फिरत्या दालनांचा वापर बराच घटला. म्हणजे सारिनेन यांचे उत्तर कालांतराने अपुरे ठरले. परंतु वाढीसाठी त्यांनी राखलेली जागा वाया गेली नाही. ६०० फूट लांबीची मूळ इमारत १९९६ साली दुपटीहून लांब करण्यात आली, ती त्यांनीच योजलेल्या रीतीने, त्याच खांबांची आणि त्याच छपराची रांग पुढे नेऊन. विमानतळाच्या स्वतंत्र रस्त्याच्या मधोमध योजनाकारांनी लोहमार्गासाठी पट्टा मोकळा सोडला होता. त्या पट्ट्याचा आधार घेत मेट्रो विमानतळाच्या स्थानकात पोहोचली १५ नोव्हेंबर २०२२ रोजी, उद्घाटनाला साठ वर्षे पूर्ण होण्यास दोन दिवस उरले असता. उत्तर चुकले तरी चालते. पुढच्या पिढीस ते सुधारता यावे एवढी जागा ठेवणे, यालाच नियोजन म्हणतात.

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मात्र अस्वस्थ करणारे आहे. बर्कच्या रहिवाशांचा आवाज वॉशिंग्टनला ऐकू गेला. शँटिलीच्या त्या जागेवर विलर्ड नावाची एक वस्ती होती. तेथील बहुसंख्य लोक कृष्णवर्णीय होते, अनेक कुटुंबे पिढ्यानपिढ्या त्या मातीत रुजलेली. त्यांच्या आवाजाला तेवढे वजन नव्हते. त्या परिसरातील ऐंशीहून अधिक जमीनमालकांना घरेदारे सोडून जावे लागले आणि वस्ती नकाशावरून पुसली गेली. जागेची निवड सारिनेन यांनी केली नव्हती, हे खरे. पण प्रवाशाचे प्रत्येक पाऊल घड्याळ लावून मोजणाऱ्या त्या सूक्ष्म योजनेत, कायमचे निघून गेलेल्या पावलांची नोंद करण्याचे काम कोणाकडेच सोपविलेले नव्हते.

हा दोष परक्या देशाचा म्हणून सोडून देता येत नाही. उरण-पनवेलच्या शेतकऱ्यांनी नव्या शहरासाठी जमिनी दिल्या, आणि १९८४ च्या जानेवारीत दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील आंदोलनात गोळीबारात पाच जणांचे प्राण गेले, तेव्हा कोठे विकसित भूखंडातील साडेबारा टक्के वाट्याचे तत्त्व मान्य झाले. पुढे विमानतळासाठी उलव्याची टेकडी कापली गेली, नदीचा प्रवाह वळविला गेला आणि दहा गावे उठली. तेथील विस्थापितांना साडेबावीस टक्के विकसित जमीन देण्याचे ठरले, ही त्या जुन्या लढ्याचीच फलश्रुती होय. विलर्डच्या लोकांना जे मिळविता आले नाही ते येथे काही अंशी मिळविता आले, कारण येथे लोक संघटित झाले. योजनाकारांनी ते आपणहून दिले नाही.

सारिनेन यांच्या चरित्रापासून घ्यावयाचे ते झोळीसारखे छप्पर नव्हे आणि चाकांवरचे दालनही नव्हे. आधी प्रश्न विचारावा, मोजून घ्यावे आणि मगच रेघ ओढावी, ही शिस्त घ्यावयाची. त्या शिस्तीत एका मोजमापाची भर मात्र आपण घालावयास हवी. उद्या ज्या शहरांत नवे विमानतळ होतील, तेथे प्रवासी किती पावले चालणार याचा हिशेब होईलच. त्याच नकाशावर, त्याच घड्याळाने, उठून जाणारा माणूस किती दूर फेकला जातो हेही मोजले गेले पाहिजे. आणि पहिली धावपट्टी आखण्यापूर्वी मोजले गेले पाहिजे.