हवाई सुंदरी नव्हे, नीरजा भनोत!

विमानात काम करणाऱ्या तरुणीला आपल्याकडे 'हवाई सुंदरी' म्हणतात. या नावात तिचे रूप दिसते, काम दिसत नाही. विमानाला आग लागली, अपहरणकर्ते घुसले, तर प्रवाशांना बाहेर काढण्याची जबाबदारी तिची असते, हे किती प्रवाशांना ठाऊक असते? ते समजून घ्यायचे तर नीरजा भनोतचे आयुष्य पाहिले पाहिजे.

नीरजाचा जन्म ७ सप्टेंबर १९६३ रोजी चंदीगडला झाला. वडील हरीश भनोत पत्रकार. ती वाढली, शिकली मुंबईत. १९८५ मध्ये तिचे लग्न झाले आणि ती आखाती देशात गेली. तिथे हुंड्यापायी छळ सुरू झाला. पदरी पडले पवित्र झाले, असे म्हणत तिने दिवस काढले नाहीत. दोन महिन्यांत ती मुंबईला परतली, ती कायमचीच. जाहिरातींत काम केले, पॅन अॅम या अमेरिकन विमान कंपनीत नोकरी मिळवली, वरिष्ठ पर्सर झाली. स्वतःच्या पायावर उभ्या राहिलेल्या या मुलीला पुढे जेमतेम वर्षभराचे आयुष्य मिळाले.

५ सप्टेंबर १९८६. मुंबईहून न्यूयॉर्कला निघालेले पॅन अॅमचे विमान पहाटे कराचीत थांबले होते. अबू निदाल संघटनेचे चार सशस्त्र हल्लेखोर विमानतळाच्या सुरक्षारक्षकांच्या गणवेशात, सुरक्षा दलाच्या वाटणाऱ्या गाडीतून थेट विमानाशी आले. गणवेश हाच त्यांचा परवाना ठरला!

केबिनमधून इशारा मिळताच कॉकपिटमधील तिघेही छतातील आपत्कालीन मार्गाने बाहेर पडले. त्यामुळे विमान उडवून नेता येईना, हा त्याचा फायदाच झाला. पण साडेतीनशेहून अधिक प्रवाशांचा भार आता केबिनमधल्या तरुण कर्मचाऱ्यांवर आला. त्यांत सर्वांत वरिष्ठ होती बावीस वर्षांची नीरजा.

हल्लेखोरांचा रोख अमेरिकनांवर होता. त्यांनी पासपोर्ट गोळा करण्याचा हुकूम सोडला. नीरजाने आणि तिच्या सहकाऱ्यांनी अमेरिकन पासपोर्ट लपवले. सुमारे सतरा तासांनी विमानातील वीज गेली, अंधार झाला आणि हल्लेखोरांनी बेछूट गोळीबार सुरू केला. नीरजाने आपत्कालीन दरवाजा उघडला. ती सर्वांत आधी बाहेर पडू शकली असती. ती थांबली, प्रवाशांना बाहेर काढत राहिली आणि मुलांना वाचवताना गोळ्या लागून मृत्यू पावली. तेविसावा वाढदिवस दोन दिवसांवर होता. त्या रात्रीपर्यंत वीसहून अधिक लोकांचा बळी गेला.

भारत सरकारने तिला मरणोत्तर अशोकचक्र दिले. हा सन्मान मिळवणारी ती पहिली महिला. पाकिस्ताननेही गौरव केला. २००४ मध्ये टपाल तिकीट निघाले. कुटुंबीयांनी तिच्या नावाने न्यास उभारून सामाजिक अन्यायाशी झुंजणाऱ्या महिलांसाठी पुरस्कार सुरू केला. हे सारे योग्यच झाले. पण शौर्याचा गौरव केला म्हणजे सुरक्षेचे कर्तव्य संपत नाही. ज्या व्यवस्थेत एका तरुण कर्मचारी महिलेला प्राण देऊन प्रवासी वाचवावे लागतात, ती व्यवस्था आधीच हरलेली असते.

त्यानंतर सुधारणा झाल्या. अमेरिकेतील २००१ च्या हल्ल्यानंतर कॉकपिटचे दरवाजे मजबूत झाले. भारताच्या १९८२ च्या कायद्यात दरवाजे बंद झाल्यावरच विमान उड्डाणात आहे असे मानले जाई. २०१६ च्या कायद्याने उड्डाणाच्या तयारीपासून विमान उतरल्यानंतरच्या २४ तासांपर्यंतचा काळ अपहरणविरोधी तरतुदींखाली आणला. कराचीतही विमान जमिनीवरच होते, हे विसरता येत नाही.

मात्र कॉकपिटच्या भक्कम दरवाजाने वैमानिक सुरक्षित होतात, केबिन कर्मचारी त्या दरवाजाच्या अलीकडेच राहतात. म्हणून त्यांची सुरक्षा विमानाबाहेरच सुरू झाली पाहिजे. प्रवाशांचे बूट आणि पट्टे तपासले जातात, तितक्याच कठोरपणे धावपट्टीकडे जाणारी प्रत्येक गाडी आणि गणवेशातील प्रत्येक माणूस तपासला गेला पाहिजे. केबिन कर्मचाऱ्यांना संकटाचे खरे प्रशिक्षण मिळाले पाहिजे आणि सुरक्षेचे नियम ठरवताना त्यांचे म्हणणे ऐकले गेले पाहिजे.

पुढच्या वेळी विमानात कोणी पट्टा बांधायला सांगेल, तेव्हा तिच्याकडे नीट लक्ष द्या. ती आपली सेविका नाही. ती आपल्या प्राणांची राखणदार आहे.