पन्नाशीच्या उंबरठ्यावरचा कर्णधार

धाराशिवहून सोलापूरला जायला आज दीड-दोन तास पुरतात. सकाळी निघालेला माणूस बाजार उरकून दुपारच्या जेवणाला घरी परत येतो. पण १९४० साली याच वाटेवर एक सरहद्द होती. अलीकडे निजामाचे राज्य, पलीकडे इंग्रजांचा मुंबई इलाखा. नाणे वेगळे, कचेरीची भाषा वेगळी, आणि गंमत म्हणजे क्रिकेटचा संघही वेगळा! रणजी करंडकाच्या नकाशावर त्या वेळचा उस्मानाबाद जिल्हा हैदराबादच्या हद्दीत येत होता आणि सोलापूर महाराष्ट्राच्या. १९३७-३८ साली हैदराबादने नवानगरला अवघ्या एका गड्याने हरवून करंडक जिंकला, तेव्हा तो कागदोपत्री आपलाही विजय होता. एदुलजी ऐबारा नावाचा फलंदाज १३७ धावांवर नाबाद राहिला आणि त्याने सामना ओढून काढला. आपल्या गावात त्या दिवशी पेढे वाटले गेले असतील असे मात्र मला वाटत नाही.

त्यानंतर दोनच वर्षांनी करंडक महाराष्ट्राकडे आला, आणि पुढच्या वर्षीही तो तिथेच राहिला. सलग दोन हंगाम एकही सामना न हरता. स्पर्धा बाद पद्धतीची होती. एकदा हरलात की गाशा गुंडाळून घरी. त्यामुळे न हरणे हा तिथे मोठेपणाचा नव्हे, तर जगण्यामरण्याचा प्रश्न होता. या न हरलेल्या संघाचा कर्णधार होता पुण्याच्या एका महाविद्यालयात संस्कृत शिकवणारा प्राध्यापक, आणि त्याचे वय होते ४८. दिनकर बळवंत देवधर.

क्रिकेटची थोडीफार आवड असलेल्या घरात आजही हे नाव ठाऊक असते, पण बहुधा एका करंडकाचे नाव म्हणून. माणूस मागे राहिला आणि चषक पुढे गेला. म्हणून आज जरा त्या माणसाकडे वळू या.

देवधरांचा जन्म १४ जानेवारी १८९२ चा, पुण्यातला. ते पाच वर्षांचे झाले तेव्हा पुण्यात प्लेगने थैमान घातले होते. ते मोठे होत होते तेव्हाचे पुणे टिळकांचे आणि गोखल्यांचे. त्या शहरात विद्वत्तेला मान होता, तालमीला मान होता. चेंडूफळीकडे मात्र वडीलधारी मंडळी फारशा कौतुकाने पाहत नसत. तरी याच शहरात १९०६ साली डेक्कन जिमखाना उभा राहिला आणि देशी खेळांना नियमांच्या चौकटीत बसवण्याचे कामही इथेच झाले. आपल्या जिल्ह्याच्या मुलींनी ज्या खो-खोत देशभर नाव काढले, ज्या खेळासाठी सारिका काळे हिला २०२० साली अर्जुन पुरस्कार मिळाला, त्याचे सुरुवातीचे लिखित नियम याच जिमखान्याच्या मंडळींनी केलेले. एका हातात पंचांग आणि दुसऱ्या हातात बॅट धरणारे हे पुणे होते. देवधर त्याच मातीतले.

१९११ च्या सुमारास ते प्रथम श्रेणीचे क्रिकेट खेळू लागले. शिक्षण प्रसारक मंडळीने १९१६ साली न्यू पूना कॉलेज काढले. पुढे जमखंडीच्या संस्थानिकांच्या देणगीमुळे त्याला सर परशुरामभाऊ यांचे नाव मिळाले. या 'एसपी'मध्ये देवधर संस्कृत शिकवत. आठवडाभर वर्ग घ्यायचे आणि सवड काढून खेळायचे, हा त्यांचा क्रम. क्रिकेटवर पोट भरणारे खेळाडू त्या काळी बहुतेक राजेरजवाड्यांच्या पदरी असत. देवधर कोणाच्या पदरी नव्हते. त्यांची चूल प्राध्यापकाच्या पगारावर पेटत होती, आणि मला वाटते त्यांच्या ताठ कण्याचे एक कारण हेही असावे.

१९२६ च्या डिसेंबरात आर्थर गिलिगन यांचा एमसीसी संघ मुंबईत आला. मॉरिस टेटसारखा जगात नावाजलेला गोलंदाज त्या संघात होता. हिंदी खेळाडू साहेबापुढे कितपत टिकेल, याबद्दल साहेबाला शंका होती आणि खरे सांगायचे तर आपल्यालाही होती. महिन्याच्या पहिल्याच दिवशी सी. के. नायडूंनी हिंदू संघाकडून १५३ धावांचा तडाखा दिला. त्यानंतर अखिल भारतीय संघाकडून देवधर उभे राहिले आणि त्यांनी १४८ धावा केल्या. नायडूंची खेळी म्हणजे वळवाचा पाऊस, देवधरांची म्हणजे मृगाची लागून राहिलेली झड. या दोन खेळींनी हवा पालटली. हे लोक आपल्याशी बरोबरीने खेळू शकतात, असे गिलिगन यांचे मत झाले. दोन वर्षांत भारतीय क्रिकेट नियामक मंडळ स्थापन झाले आणि १९३२ च्या जूनमध्ये लॉर्ड्सवर भारत पहिला कसोटी सामना खेळला.

त्या संघात देवधर नव्हते. त्यांचे वय तेव्हा ४० होते. ज्या दाराची कडी त्यांनी हातभार लावून उघडली, त्या दारातून त्यांना आत जाता आले नाही; पुढेही कधी नाही. निवडणाऱ्यांचा हिशेब वयाचा होता आणि वरवर पाहता तो चुकीचाही नव्हता. पण इंग्लंडच्या जॅक हॉब्जने आपल्या शतकांपैकी जवळजवळ निम्मी चाळिशी उलटल्यावर काढली, हे त्याच इंग्रजांच्या डोळ्यांसमोर घडले होते. देवधरांनी यावर काय केले? रडगाणे गात बसले नाहीत. पुण्यात बसून एक संघ बांधायला घेतला.

१९३४ साली रणजी करंडक सुरू झाला आणि महाराष्ट्राची स्वतंत्र क्रिकेट संघटनाही त्याच वर्षी उभी राहिली. स्वतंत्र म्हणजे मुंबईपासून स्वतंत्र. मुंबईकडे पैसा, मैदाने, जिमखाने, खेळाडूंची रीघ. पुण्याकडे काय होते? नगर, सोलापूर, सांगली, नाशिककडून येणारी होतकरू पोरे आणि हा प्राध्यापक. मुंबईच्या सावलीत राहून तिच्या संघात दोन-चार जागा मिळवायच्या, की वेगळी चूल मांडून तिच्याशीच झुंजायचे? दुसरी वाट धरली तर तोंडघशी पडण्याचीच शक्यता अधिक होती.

इथे आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागेल. त्या काळी मुंबईतली सर्वांत गाजणारी स्पर्धा धर्मावर बेतलेली होती. हिंदू, मुसलमान, पारशी, युरोपियन असे संघ. १९३७ पासून उरलेल्यांचा म्हणून पाचवा संघ. सांगलीचा विजय हजारे ख्रिस्ती, म्हणून मुंबईच्या त्या स्पर्धेत तो 'उरलेल्यां'त मोडे. पुण्यात मात्र तो नुसता महाराष्ट्राचा. देवधर, भांडारकर, सोहोनी यांच्या शेजारी हजारे आणि पारशी नगरवाला एकाच तंबूत बसत. रणजी करंडकाने हा बदल घडवला, आणि महाराष्ट्राच्या संघात तो फार सहज मुरला. याची पुरेशी दखल घेतली गेली नाही असे माझे मत आहे.

मग आला १९३९-४० चा हंगाम. युरोपात महायुद्ध पेटलेले. पुण्यात बडोद्याविरुद्धच्या सामन्यात २४ वर्षांच्या हजारेने नाबाद ३१६ धावा केल्या. भारतीय फलंदाजाचे प्रथम श्रेणीतले ते पहिले त्रिशतक. यात गमतीचा भाग असा की नवव्या गड्यासाठी हजारे आणि नगरवाला यांनी मिळून २४५ धावा जोडल्या. शेपूट म्हणून ज्याकडे इतर संघ दुर्लक्ष करतात, तिथून देवधरांच्या संघाने डोंगर उभा केला. अंतिम सामना संयुक्त प्रांताशी, पुण्यातच. संयुक्त प्रांताच्या २३७ आणि ३५५, महाराष्ट्राच्या ५८१ आणि मग जिंकायला लागणाऱ्या बारा धावा एकही गडी न गमावता. करंडक पहिल्यांदा पुण्यात आला.

यामागे एक साधा हिशेब होता, आणि तो समजून घेतल्याशिवाय देवधर कळायचे नाहीत. सामना पुरा झाला नाही तर पहिल्या डावात ज्याच्या धावा जास्त तो पुढे जाई. पुण्याची खेळपट्टी फलंदाजाला माय होऊन सांभाळणारी. तेव्हा घाई कशाला? फलंदाजी करायची ती प्रतिपक्ष दमेपर्यंत, आणि तो दमला तरी थांबायचे नाही. पाणिनीची सूत्रे घोकणाऱ्याला एका जागी ठाण मांडून बसण्याचे वेगळे शिक्षण लागत नसावे! प्रेक्षकांना हा खेळ कधी कधी कंटाळवाणा वाटला असणार, आणि त्यात काही चूक नाही. पण ज्याच्याकडे जलद गोलंदाजांचा ताफा नाही, त्याने जिंकायचे कसे, या प्रश्नाला देवधरांचे हेच उत्तर होते.

दुसऱ्या हंगामात या उत्तराची खरी परीक्षा झाली. १९४०-४१ साली पुण्यात समोर मुंबई आली. देवधरांना एकोणपन्नासावे वर्ष चालू होते. समोर विजय मर्चंट यांच्यासारखा कसलेला फलंदाज, आपल्या संघातले काही खेळाडू वयाने त्यांच्या विद्यार्थ्यांच्याही मागचे. लेगस्पिन टाकणाऱ्या सदू शिंदेचा तर हा पहिलाच हंगाम, वय सतराच्या घरात. (हेच शिंदे पुढे कसोटी खेळले, १९५५ साली अकाली गेले; शरद पवार यांचे ते सासरे.) या सामन्यात देवधरांनी २४६ धावा केल्या. आयुष्यातली त्यांची ही सर्वांत मोठी खेळी. महाराष्ट्राच्या ६७५. एवढ्या धावांवर कोणीही निवांत झोपले असते, पण मुंबई ती मुंबई. तिने ६५० पर्यंत मजल मारली. दोन डावांत मिळून १३२५ धावा, आणि फरक फक्त २५ चा. पन्नाशीला टेकलेल्या एका माणसाने त्या उन्हात आणखी तासभर आधी हात टेकले असते तर महाराष्ट्राचा दुसरा करंडक तिथेच संपला असता.

पुढे उत्तर हिंदुस्थानच्या संघाविरुद्ध महाराष्ट्राने ७९८ धावा काढल्या. अंतिम सामना मात्र परक्या मुलखात, मद्रासला. तिथे धावांचे डोंगर नव्हते. मद्रासच्या पहिल्या डावात १४५, महाराष्ट्राच्या २८४; दुसऱ्या डावात मद्रासने ३४७ काढल्या आणि महाराष्ट्राने चार गडी गमावून सामना जिंकला. घरच्या खेळपट्टीवरच यांची मर्दुमकी, असे म्हणणाऱ्यांची तोंडे त्यामुळे बंद झाली असतील.

ही घडी मग विस्कटली. हजारे १९४१ नंतर बडोद्याला गेले. संस्थानिक खेळाडूला आधार देऊ शकत होता, तो पुण्याच्या संघटनेला कुठून परवडणार? १९४३-४४ साली मर्चंट यांनी मुंबईत याच महाराष्ट्राविरुद्ध नाबाद ३५९ धावा करून जुनी बाकी व्याजासकट वसूल केली. मुंबईच्या त्या डावात ७३५ धावा झाल्या आणि बिचाऱ्या शिंदेने ७५ षटकांहून अधिक गोलंदाजी करून पाच गडी टिपले. धावांच्या ज्या अस्त्राने महाराष्ट्र जिंकला, तेच त्याच्यावर उलटले.

देवधर तरीही थांबले नाहीत. १९४४-४५ साली, वयाच्या ५२ व्या वर्षी, नवानगरविरुद्ध त्यांनी एकाच सामन्यात दोन शतके काढली, १०५ आणि १४१. आपल्याकडे बावन्नाव्या वर्षी माणूस गुडघ्यांना तेल चोळू लागतो. पहिल्या महायुद्धाआधी आणि दुसऱ्या महायुद्धानंतरही प्रथम श्रेणीचे क्रिकेट खेळलेले भारतीय म्हणून त्यांचे नाव घेतले जाते. बॅट खाली ठेवली तेव्हा हिशेब झाला ८१ सामने, ४५२२ धावा, नऊ शतके.

घरात काय चालले होते तेही पाहण्याजोगे आहे. बॅडमिंटनचे सुरुवातीचे नियम पुण्यातल्या लष्करी छावणीत घडले, म्हणून त्या खेळालाच एके काळी 'पूना' म्हणत. १९४० च्या दशकात त्या खेळातली राष्ट्रीय विजेतेपदे मिळवली ती देवधरांच्या तीन मुलींनी: तारा, सुंदर आणि सुमन. मुलीने मैदानात उतरायचे म्हटले की चार घरे नाके मुरडत, तो हा काळ. एका घरात एक विजेती झाली तर योगायोग म्हणता येईल. तिघी झाल्या तर त्या घराची रीतच वेगळी असली पाहिजे. मला स्वतःला देवधरांच्या २४६ धावांइतकेच हे कौतुकाचे वाटते.

महाराष्ट्र क्रिकेट संघटनेचे अध्यक्षपद, राष्ट्रीय निवड समितीचे काम अशा जबाबदाऱ्या त्यांनी पुढे सांभाळल्या. ज्यांना कधी निवडले गेले नाही, त्यांनी इतरांना निवडले. सरकारने १९६५ साली पद्मश्री दिली आणि १९९१ साली, वयाच्या नव्व्याण्णवाव्या वर्षी, पद्मभूषण. १९७३-७४ पासून त्यांच्या नावाचा करंडक सुरू झाला, तोही एकदिवसीय सामन्यांचा! दिवसच्या दिवस खेळपट्टीवर मुक्काम ठोकणाऱ्या माणसाच्या नावाने.

दरम्यान सप्टेंबर १९४८ मध्ये निजामाचे राज्य गेले, पुढे मराठवाडा महाराष्ट्रात आला आणि आपला जिल्हाही देवधरांच्या संघटनेच्या छत्राखाली आला. आज तुळजापूरच्या किंवा परंड्याच्या एखाद्या मुलाने रणजीचे स्वप्न पाहिले, तर त्याला हैदराबादला नव्हे, पुण्याला जावे लागते, आणि त्याला जो संघ मिळतो तो ४८ वर्षांच्या प्राध्यापकाने जिंकायला शिकवलेला संघ असतो.

त्या संघाला तिसरा करंडक अजून मिळालेला नाही. १९७०-७१ साली तो अंतिम सामन्यात मुंबईकडून हरला. १९९२-९३ साली पुन्हा अंतिम फेरीपर्यंत गेला. आपले पहिले दोन करंडक जिंकून देणारा कर्णधार तेव्हा पुण्यात हयात होता, १०१ वर्षांचा. लुधियानाला पंजाबने महाराष्ट्राला हरवले. त्याच वर्षी २४ ऑगस्टला देवधर गेले.