पुवातला फॉस्फरस

डीएनए म्हटलं की पुस्तकात वॉटसन आणि क्रिक ही दोन नावं येतात. आम्ही ज्यांच्याविषयी लिहीत आहोत, ते गृहस्थ त्यांच्याही ८४ वर्षं आधीचे.

फ्रीडरिश मीशर यांचा जन्म १८४४ साली स्वित्झर्लंडमधल्या बाझल शहरात, डॉक्टरांच्या घराण्यात झाला. तापाच्या दुखण्यानंतर त्यांना कमी ऐकू येऊ लागलं. नळी लावून रोगी तपासणं कठीण, म्हणून ते रसायनशास्त्राकडे वळले आणि जर्मनीत ट्यूबिंगेनला होप-झायलर यांच्याकडे गेले. प्रयोगशाळा होती किल्ल्यातल्या जुन्या स्वयंपाकघरात! तिथे ते दवाखान्यातून आलेल्या पुवाने भिजलेल्या पट्ट्या धुवून त्यातल्या पेशी वेगळ्या करत. (वाचताना आमच्यातल्या दोघींनी नाक मुरडलं.) डुकराच्या जठरातल्या पाचक रसाने त्यांनी पेशींतली प्रथिनं पचवून टाकली. जे उरलं ते प्रथिन नव्हतं, कारण त्यात फॉस्फरस भरपूर निघाला. १८६९ साली त्यांनी त्याला न्यूक्लिन नाव दिलं.

गुरुजींचा विश्वास बसेना. त्यांनी सगळे प्रयोग स्वतः करून पाहिले, आणि लेख छापायला १८७१ उजाडलं. तरुण माणसाला केवढी धाकधूक झाली असेल! पण आम्हाला गुरुजींचंच बरोबर वाटतं.

आता मातीकडे येऊ. पालापाचोळा कुजला, किडे-जंतू मेले की त्यांच्यातला फॉस्फरस मातीत उतरतो. आपल्याकडचे शेतकरी त्याला स्फुरद म्हणतात. सेंद्रिय स्फुरद मोजायची एक साधी रीत अशी: एकाच मातीचे दोन भाग घ्यायचे. एक भट्टीत ५५० अंश सेल्सिअसला तापवायचा, दुसरा तसाच ठेवायचा. दोन्ही आम्लात हलवून उतरलेला स्फुरद मोजायचा. तापवल्याने सेंद्रिय स्फुरद सुटा होतो, म्हणून दोन आकड्यांतला फरक हाच सेंद्रिय भाग. यात मीशरांच्या न्यूक्लिनचा वाटा बहुधा थोडा असतो, कारण जंतू ते लवकर खातात. बियांमधलं फायटेट मात्र मातीला चिकटून बसतं.

पुढे बाझलला प्राध्यापक झाल्यावर त्यांनी पू सोडला आणि ऱ्हाइन नदीतले सामन मासे धरले. नराच्या शुक्रपेशींत न्यूक्लिन पुष्कळ, पण उष्णतेने ते बिघडे. म्हणून ते हिवाळ्यात, खिडक्या उघड्या टाकून काम करत. १८८९ मध्ये आल्टमान यांनी न्यूक्लिनला न्यूक्लिक आम्ल हे नाव दिलं. मीशर १८९५ साली दावोसला क्षयाने वारले. वय ५१.