अप्रमत्त साधक : आचार्य शांतिसागर महाराज

प्रमाद हे कर्मबंधाच्या पाच कारणांपैकी एक होय. प्रमाद म्हणजे केवळ आळस नव्हे. समोर आलेली धोक्याची सूचना दिसत असूनही तिच्याकडे पाठ फिरविणे, हाही प्रमादच. अशी सूचना वेळीच ओळखून जीवन कसे घडवावे, याचा आदर्श चारित्रचक्रवर्ती आचार्य श्री १०८ शांतिसागरजी महाराजांनी घालून दिला.

महाराजांचा जन्म १८७२ साली बेळगाव भागातील भोज येथील पाटील घराण्यात झाला. गृहस्थाश्रमातील त्यांचे नाव सातगौडा. त्या काळच्या रीतीप्रमाणे बालवयातच त्यांचा विवाह झाला; परंतु ती बालिका थोड्याच दिवसांत निवर्तली. पुढे घरच्यांनी पुन्हा विवाहाचा विषय काढला, तेव्हा त्यांनी नम्रपणे नकार दिला. संसाराची अनित्यता त्यांनी त्या एकाच प्रसंगातून जाणली होती.

घरी शेतीबरोबर कापडाचे दुकान होते. दुकानात बसण्याची वेळ आली की ग्राहकाने आपल्या हाताने कापड मोजून घ्यावे आणि पैसे ठेवावेत, असा त्यांचा शिरस्ता असे. गज हातात आला की लोभ केव्हा शिरेल याचा नेम नाही, हे व्यापार करणारा प्रत्येक जण जाणतो. सातगौडांनी लोभाला दाराबाहेरच थांबविले.

आई-वडिलांची सेवा पूर्ण झाल्यावरच त्यांनी गृहत्याग केला. १९२० साली यरनाळ येथे त्यांनी मुनिदीक्षा घेतली आणि १९२४ साली समडोळी येथे ते आचार्यपदी विराजमान झाले. दिगंबर मुनींचे दर्शन दुर्मिळ झालेल्या त्या काळात त्यांनी दक्षिणेपासून सम्मेदशिखर व दिल्लीपर्यंत पायी विहार करून मुनिपरंपरेला नवे चैतन्य दिले.

मूडबिद्री येथील प्राचीन सिद्धांतग्रंथांच्या ताडपत्रांना कीड लागून काही भाग नष्ट झाल्याचे त्यांच्या कानी आले. ही वार्ता ऐकून अनेकांनी हळहळ व्यक्त केली असेल. महाराज हळहळून थांबले नाहीत. आज काही पाने गेली, उद्या संपूर्ण जिनवाणी जाईल, हा त्यातील इशारा त्यांनी ओळखला. त्यांच्या प्रेरणेने श्रावकांनी निधी उभा केला आणि हे आगम ताम्रपटांवर कोरले गेले. फलटण येथे ते ताम्रपट जतन करण्यात आले.

अखेरची सूचना त्यांच्या स्वतःच्या देहाने दिली. वृद्धापकाळी दृष्टी मंदावली. मुनीला चार हात भूमी पाहून पाऊल टाकावयाचे असते. ही ईर्यासमिती होय. पायाखालचा जीव दिसेनासा झाला तर अहिंसा महाव्रत कसे पाळावे? इतरांना जे केवळ नेत्रविकाराचे लक्षण वाटले असते, ते महाराजांना व्रतावरील संकट वाटले. १४ ऑगस्ट १९५५ रोजी कुंथलगिरी सिद्धक्षेत्रावर त्यांनी सल्लेखना धारण केली. आचार्यपद त्यांनी जयपूर येथे असलेल्या शिष्य वीरसागर महाराजांकडे सोपविले. ८ सप्टेंबर रोजी त्यांनी मराठीतून अंतिम उपदेश दिला. आत्मचिंतन करावे, संयमाला भिऊ नये, हे त्याचे सार. १८ सप्टेंबर १९५५ रोजी, सल्लेखनेच्या ३६ व्या दिवशी, त्यांनी शांत परिणामांनी देह ठेवला.

सूचना आपल्यालाही रोज मिळतात. केस पांढरे होतात, जवळची माणसे एकेक करून निघून जातात, क्षुल्लक कारणावरून घरात वाणी कठोर होते, सणावारीही मंदिराची पायरी चढण्यास सवड मिळत नाही. केसांना आपण कलप लावतो आणि बाकीच्यांना कामाचे निमित्त सांगतो. महाव्रते आपल्या शक्तीबाहेरची असतील. परंतु दिवसाअखेर दुकानाची रोकड मिळविताना घटकाभर आत्म्याचाही हिशेब पाहणे, चूक दिसली तर त्याच दिवशी प्रतिक्रमण करणे आणि एखादा लहानसा नियम निष्ठेने पाळणे, हे प्रत्येक श्रावकाला शक्य आहे. महाराजांच्या स्मृतीला हीच खरी विनयांजली ठरेल.

आचार्यश्रींच्या चरणी त्रिवार नमोस्तु!