बॉब ग्रॅहम

इंग्लंडमधील केझिक गावी बॉब ग्रॅहम (१८८९–१९६६) अतिथिगृह चालवीत. धावणे हा त्यांचा व्यवसाय नव्हता; भोवतालच्या डोंगरांची ओढ मात्र अनावर होती. जून १९३२ मध्ये, चाळिशी उलटल्यावर, त्यांनी गावातील मूट हॉलपासून धाव आरंभली. पायांत साधे टेनिसचे बूट होते. सुमारे १०६ किलोमीटरांची वाट आणि ८,२०० मीटरांची चढण पार करीत त्यांनी ४२ शिखरे पादाक्रांत केली व २३ तास ३९ मिनिटांत ते तेथेच परतले. दिवस मावळण्यास जणू २१ मिनिटेच उरली होती! पुढे २८ वर्षे हे कोणालाही साधले नाही. अखेर १९६० साली ॲलन हीटन यांनी ते करून दाखविले. आज त्या वाटेला ग्रॅहम यांचेच नाव आहे.